मापाचं पाणी

अकोट तालुक्यातलं पूर्णेकाठचं गाव. खारपाणपट्टा. हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि वान धरणाचं नळाचं पाणी येतं ते कितीक दिवसांनी, म्हणून घरोघरी ड्रम भरलेले. पोळा चार दिवसांवर आला होता. दीड वर्षाच्या नातवाला सकाळपासून पाण्यासारखे जुलाब लागले. दुपारपर्यंत आठ वेळा.

"पानी पाजू नको व," आजी सुनेला म्हणाली, "जितकं पाजशीन तितकं खालून जाईन."

सुनेनं अंगावर पाजणंही थांबवलं. बाप फवारणी अर्धी टाकून आला, येताना मेडिकलमधून संडास बंद करायची गोळी घेऊन. मोठ्या माणसाची, अर्धी करून द्यायची म्हणे.

तेवढ्यात आशाताई आली. तिनं आधी ती गोळी बाजूला ठेवली. लोपेरामाईड लहान लेकराला द्यायचं नसतं; आतडं सुस्त पडतं, पोट फुगतं, जीवावर बेततं. मग तिनं पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच बसली नाही, हळूहळू बसली. डोळे खोल गेलेले. पोरगं रडत होतं, पण डोळ्यांत आसू नव्हता.

"भाऊ, पावसाचा खंड पडून पऱ्हाटीनं मान टाकली, तर तुम्ही पानी देता का तोडता?"

"देतो ना."

"मंग याचं काऊन तोडलं?"

बाप गप्प झाला. जुलाबात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं, ही गोष्ट त्याला त्या क्षणी कळली असं मला वाटतं. जवळच्याच मेळघाटात, पाचडोंगरी आणि कोयलारीत, 2022च्या जुलैत विहिरीच्या दूषित पाण्यानं कॉलरा पसरून माणसं गेली होती. ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण तरणंताठं माणूस एका दिवसात कशानं जातं, याचा विचार कोणी केला नव्हता.

आशाताईनं उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन लावला. वजन दहा किलो; चार तासांत पाऊण लिटर ओआरएस पोटात गेलं पाहिजे. पोरगं सुस्तावलं, पिईना झालं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर तसंच उचलून आरोग्य केंद्रात.

बापानं घाईघाईनं पुडी फोडली आणि पेल्यात रिकामी करायला लागला. "कडक झालं तर लौकर गुन येईन."

तिनं त्याचा हात धरला. "पंपात औषध जास्त पडलं तर काय होते?"

"पीक जयते."

"हे बी तसंच हाये. अख्खी पुडी, एक लिटर पानी. हापशीचं खारं पानी नको. नळाचं उकळून गार केलेलं घ्या."

पुडीत मीठ आणि साखर यांचं माप विचार करून बांधलेलं असतं. आजारी आतड्यातूनही ग्लुकोज मिठाला बरोबर घेऊन आत शिरतं आणि त्यांच्या मागे पाणी जातं. मीठ-साखर वाढली, की हेच पाणी उलट अंगातून बाहेर ओढलं जातं. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये असंच पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. शंभरातले तीसेक दगावत होते, ते चारच्याही खाली आले. वाचवणारे हात आयांचे होते, भावांचे होते. मला ही गोष्ट औषधशास्त्रातल्या कुठल्याही मोठ्या शोधाइतकीच थोर वाटते.

"अँटिबायोटिक नाई का?" बापानं विचारलं. रक्त पडलं किंवा कॉलरा असला तर डॉक्टर देतील. एरवी लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे, त्यांवर त्या गोळीचा उपयोग नाही. आशाताईनं झिंकच्या गोळ्या मात्र दिल्या, रोज एक, 14 दिवस. जुलाब थांबले तरी सोडायच्या नाहीत.

चमचा आजीनंच मागून घेतला. पहिले चार चमचे उलटून पडले. ती घाबरली. दहा मिनिटं थांबली, पदरानं पोराचं तोंड पुसलं, आणि पुन्हा एकेक चमचा, मधे उसंत देऊन. जुलाब होतच होते. मधे सुनेनं अंगावर घेतलं. बाप दर तासाला बाटलीवरची रेघ पाहत होता.

दिवेलागणीला आजीनं दचकून मांडीकडे पाहिलं. लुगडं ओलं झालं होतं. तिनं हात लावून वास घेतला, आणि सुनेला अशी हाक मारली की शेजारचे दाराशी आले.

"मुतलं व माय, मुतलं! सकायपासून पयल्यांदा!"