पाचातला एक

आज गीता अध्याय १८, श्लोक १४ आणि १५.

भगवान अर्जुनाला सांगतात, कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करणं, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. इतकी वर्षं हा श्लोक मी घाईत वाचायचो. यादीच तर आहे, पुढे चला. या डिसेंबरात त्याने मला राजगडावर गाठलं.

सिंहगड-राजगड-तोरणा हा रूट ट्रेकर लोकांना पाठ असतो. ते दोन-तीन दिवसांत निवांत करतात. त्याच वाटांवर ५३ किलोमीटरची अल्ट्रा होते, एका दिवसात. दोन वर्षांपूर्वी मी ती पूर्ण केली होती. वेल्ह्यात उतरल्यावर मेडल दातात धरून फोटो काढला आणि खाली दोनच शब्द लिहिले, ‘करून दाखवलं’.

यंदा कट-ऑफ सात मिनिटांनी हुकला. छातीवरचा नंबर काढून दगडावर बसलो. समोर तोरणा, अगदी स्वच्छ दिसत होता.

बायको घ्यायला आली होती, मागच्या सीटवर मुलगा झोपलेला. मी सुरूच होतो. ऊन किती होतं, पोटरीत गोळाच आला, मिठाच्या गोळ्या घामाने भिजून गेल्या, नशीबच नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मागच्या वेळी नशिबाचं नाव नव्हतं रे काढलंस.”

नसरापूर येईपर्यंत मी गप्प.

श्लोक १५ नेमका हेच म्हणतो. शरीराने, वाणीने, मनाने माणूस जे काही करतो, ते योग्य असो की त्याच्या उलट, कारणं हीच पाच. दोन्हींना तीच! मी काय केलं होतं? रेस पूर्ण झाली तेव्हा सगळं कर्त्याच्या खात्यात, हुकली तेव्हा सगळं दैवाच्या. आमच्या धंद्यात ही सवय मुरलेलीच आहे. चाललं तर कोड माझा, पडलं तर सर्व्हरचा प्रॉब्लेम.

आणि दैव म्हणजे तरी काय? आपण ते लॉटरीसारखं वापरतो. शंकराचार्यांच्या भाष्यात दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, डोळ्यासाठी आदित्य. हे वाचलं आणि मला पहाटेचा सिंहगड आठवला. काळोखात चढताना हेडलॅम्पच्या उजेडात पुढची दोन पावलं दिसतात, बाकी काही नाही. मग उजाडतं. कल्याण दरवाजाकडून उतरताना आख्खी दरी उघडते, वाळलेलं गवत सोनेरी होतं, आणि आपण काय करतो? हेडलॅम्प बंद करून पिशवीत टाकतो आणि वेग वाढवतो. माझे डोळे शाबूत होते, पाय शाबूत होते, पण तो उगवला म्हणून दिसलं. ‘करून दाखवलं’मध्ये तो कुठेच नव्हता.

पण कर्ता यादीतून काढलेला नाही, हेही बघा. अधिष्ठान म्हणजे हे शरीर. त्याला मी रिलीजच्या नादात सहा आठवडे पाच-पाच तासच झोपवलं होतं. आणि सिंहगडाच्या चढावर एक पोरगा पुढे गेला म्हणून मी त्याच्यामागे सुटलो. पोटरीतला गोळा तिथेच पेरला गेला. तो दैवाने पेरला नाही, मी पेरला.

एक मात्र अजून सुटत नाहीये. वर्षभर रविवारी पहाटे मी पळायला जायचो आणि बायको मुलाला सांभाळायची. ते कुठल्या रकान्यात घालू? चेष्टा म्हणावं तर त्या माझ्या नाहीत. दैव म्हटलं तर ती हसेल. तिला विचारलं, तर म्हणाली, “आधी त्याचा डबा भर.”

त्या जुन्या फोटोखालचे दोन शब्द काल रात्री काढून टाकले. फोटो ठेवलाय, दातात मेडल धरलेला बाबा मुलाला फार आवडतो.

उद्या श्लोक १६. नाव घेतलेलं नाही, पण माझ्याबद्दलच आहे. वाचून या.