हात लावून पाहायची बाग

सार्वजनिक बागेत शिरलं की आधी पाट्या भेटतात. फुले तोडू नयेत. हिरवळीवर चालू नये. झाडांना हात लावू नये. पाटी लावणाऱ्याला तरी काय बोलणार? आपल्याकडे हात फुलापर्यंत पोचला की फूल पिशवीत जातं. पण त्या पाट्यांपायी बाग डोळ्यांपुरतीच उरते आणि ज्याला दिसत नाही त्याच्या वाट्याला तिथलं फक्त बाकडं येतं.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९१० साली स्थापन झालेलं मोठं वनस्पती उद्यान आहे. त्याच्या आवारात एकेका कल्पनेवर रचलेल्या छोट्या बागा आहेत. एक जपानी पद्धतीची, टेकडी आणि तळ्याची. एक शेक्सपिअरची, त्याच्या नाटकांत आणि कवितांत आलेल्या ऐंशीहून अधिक वनस्पती तिथे लावल्या आहेत. वाचणाऱ्यांची आणि पाहणाऱ्यांची सोय झाली. मग १९५५ साली ॲलिस आयरीज या उद्यानरचनाकार बाईंनी तिथे एक सुगंधी बाग आखली, ती दृष्टिहीन माणसं डोळ्यांसमोर ठेवून. अमेरिकेतली अशी ही पहिली बाग मानली जाते.

तिची आखणी साधी आहे. वाफे जमिनीवर न करता उंच बांधले, म्हणजे वाकावं लागत नाही आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्याचा हातही पानापर्यंत पोचतो. झाडांची नावं ब्रेल लिपीत. एका भागात हातांना गंमत वाटावी अशी लवदार, खरखरीत पानं. दुसरीकडे पानांत वास असलेली झाडं, तिसरीकडे सुवासिक फुलं, आणखी एकीकडे स्वयंपाकातल्या वनस्पती. मला सगळ्यांत आवडलं ते तिथलं कारंजं. त्याचा आवाज तर ऐकावाच. पण एका पानाचा वास दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मध्ये हात धुवायलाही ते उपयोगी पडतं. एवढा बारीक विचार नकाशावरच्या रेघांत मावत नाही, त्यासाठी आखणाऱ्याने स्वतः पानं चुरडून पाहिलेली असावी लागतात.

वासाचं बरंचसं गुपित स्पर्शातच असतं. तुळस, पुदिना, मरवा यांच्या पानांवर तेलाच्या अगदी सूक्ष्म ग्रंथी असतात. बोटाचा दाब पडला की त्या फुटतात आणि तेल हवेत उडतं. पान कुरतडायला येणाऱ्या किड्यांविरुद्ध झाडाने केलेला हा बंदोबस्त आहे. तो आपल्या चहात आणि चटणीत शिरला, हे आपलं नशीब. म्हणजे अशा झाडाशेजारी ‘हात लावू नये’ लिहिलं की त्याचं तोंडच बांधलं! रातराणीची तऱ्हा वेगळी. ती रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी दरवळते, आणि नेमकं तेव्हा आपल्या अनेक बागांना कुलूप असतं.

आपल्या देशातही हा विचार पोचला आहे. अब्दुल कलाम राष्ट्रपती असताना राष्ट्रपती भवनाच्या आवारात दृष्टिहीनांसाठी स्पर्श-उद्यान झालं. महाराष्ट्रात मात्र कल्पनेवर रचलेली बाग म्हटलं की बहुधा नक्षत्रवन निघतं. रोहिणीचं जांभूळ, मघाचा वड, पुष्याचा पिंपळ. त्यात वाईट काहीच नाही. त्या निमित्ताने देशी झाडं लागतात. पण माणूस आपलं नक्षत्र शोधतो, झाडाजवळ फोटो काढतो आणि निघतो. झाडाचं खोड त्याने चाचपलेलं नसतं.

खरं तर सुवासाच्या बाबतीत आपण श्रीमंत. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा, माठात टाकायचा वाळा, गवती चहा, पानओवा, सब्जा, सोनटक्का, सुकल्यावरही वास न सोडणारी बकुळ. शिवाय बोट लागताच मिटणारं लाजाळू, मुलांसाठी. यातलं काहीही परदेशातून मागवायला नको आणि बहुतेक रोपं कुठल्याही रोपवाटिकेत मिळतात.

तुमच्या प्रभागातल्या बागेचं नूतनीकरण निघालं असेल तर रंगीत कारंजं आणि सेल्फी पॉइंट यांच्या यादीत एक मागणी घाला: कमरेइतक्या उंचीचा एक वाफा, शेजारी पाण्याचा नळ आणि मराठी ब्रेलमधल्या पाट्या. आणि आराखडा मंजूर होण्याआधी दृष्टिहीनांच्या शाळेतल्या मुलांना बोलावून विचारा, कुठलं झाड कुठे हवं ते.