पायताणाचा हिशेब

आमच्या कोल्हापूर भागात चपलेला पायताण म्हणतात. हा शब्द भांडणात येतो, धमकीत येतो आणि देवळाच्या पायरीशी आला की बाहेरच थांबतो. इतकी खालची वस्तू. पण तिच्यात पाप किती, असा प्रश्न आता शिकलेली पोरं विचारू लागली आहेत. माझी नात पुण्याला असते. माझ्या पायातली कापशी बघून ती एकदा म्हणाली, "आबा, हे कुणाचं तरी अंग आहे." मी म्हटलं, "व्हय, म्हशीचं हाय." ती हसली नाही. मग मीही हसणं थांबवलं, कारण पोरीचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

कातडं कमवायच्या दोन रीती. जुनी रीत बाभळीची साल आणि हिरडा यांची. कातडं त्या पाण्यात मुरत पडायचं, त्याला आठवडेच्या आठवडे लागायचे. नवी रीत क्रोमची. क्रोमच्या क्षारात कातडं दिवस-दोन दिवसांत तयार होतं, म्हणून जगातलं बहुतेक कातडं आता असंच कमावतात. पण उरलेलं पाणी कुठं जातं? कानपूरच्या जाजमऊ भागात ते वर्षानुवर्षं गंगेत गेलं आणि आजूबाजूच्या शेतांतही शिरलं. क्रोमचा एक प्रकार तर कॅन्सर करणारा आहे. तिकडे ब्राझीलमध्ये गुरांच्या कुरणांसाठी ॲमेझॉनचं जंगल तोडलं जातं. एवढं सगळं बघितलं तर कातडं नको म्हणणाऱ्याचं काय चुकलं?

पण मग पायात घालायचं काय? बिनकातड्याचं पायताण आम्हाला नवं नाही. टायरच्या चपला आणि रबरी स्लीपर घालूनच अर्ध्या महाराष्ट्रानं शेती केली. आता दुकानात कातड्यासारखं दिसणारं जे चकचकीत मिळतं, ते बहुतेक प्लॅस्टिकच असतं. पीव्हीसी नाहीतर पॉलियुरेथेन. म्हणजे खनिज तेलच. अननसाच्या पानांच्या धाग्यापासूनही कातड्यासारखा माल निघतो. चांगली गोष्ट आहे. पण पाण्यात टिकावा म्हणून अशा मालावर पुष्कळदा प्लॅस्टिकचाच हात फिरवतात. माझ्या रानात नांगरटीला ढेकळाबरोबर स्लीपरचे पट्टे वर येतात. कुणी कधी टाकले देव जाणे, पण जसेच्या तसे. कातड्याचा तुकडा मात्र कधी वर आला नाही. मातीनं तो खाऊन टाकला.

कोल्हापुरी पायताणाचं शास्त्र वेगळं. जुन्या कारागिराच्या हातचं असेल तर त्यात खिळा नसतो, कातड्याच्याच वादीनं शिवलेलं असतं. अंगठा तुटला तर अंगठा बदलायचा, तळ झिजला तर नवा तळ लावायचा. पावसाळ्यात खुंटीला टांगायचं, मधूनमधून तेल पाजायचं. असं जपलं तर वर्षानुवर्षं जातं. २०१९ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तेव्हा एक जोड वर्षाच्या आत फेकणारा आणि एक जोड दहा वर्षं वापरणारा, यांचा हिशेब एका मापानं करून चालत नाही.

तरीही जिवाचा प्रश्न उरतोच. गांधीजींनी त्यातून वाट काढली होती: मारलेल्या जनावराचं नको, आपोआप मेलेल्याचं चालेल. वर्ध्याजवळ नालवाडीला तसं चर्मालयही चाललं. शेतकऱ्याला हे पटकन पटतं. बैल बारा वर्षं राबला, गोठ्यात मेला. त्याच्या कातड्याची मोट झाली, वादी झाली, चाबूक झाला. काही वाया गेलं नाही. उरलेलं गिधाडं साफ करायची. पुढे जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळं गिधाडंच मेली, आणि २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद करावं लागलं.

पण या सुरेख हिशेबात एक माणूस राहून जातो. मेलेलं ढोर ओढायचं कुणी? सोलायचं कुणी? गावात ते महारांनी ओढायचं, ढोरांनी कातडं कमवायचं आणि चांभारांनी पायताण शिवायचं, हे जातीनं ठरवून ठेवलेलं होतं. पायताण चालायचं, शिवणाऱ्याचा हात चालायचा नाही. बाभळीच्या सालीची रीत नदीला सोसवणारी होती खरी. पण तिचा वास गावाबाहेर ठेवला होता, आणि माणसंही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत मांस सोडा म्हणून सांगितलं. पुढे ढोरं ओढणंही लोकांनी सोडलं. सोडलं ते बरंच केलं. २०१६ साली गुजरातेत उना इथं मेलेली गाय सोलणाऱ्या दलित पोरांना बांधून मारलं. त्यानंतर तिकडच्या अनेकांनी मेलेली जनावरं उचलणार नाही असं जाहीर केलं. हिंसा नसलेलं कातडं असं ज्याला म्हणायचं, त्यात जनावराचा जीव गेला नव्हता, पण माणसाचा मान गेला होता. तो हिशेबात धरायचा की नाही?

आज आमच्याकडं बैल मेला की जेसीबी बोलावतात. खड्डा, वर मीठ, वर माती. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशी-रेड्यांना ती लागू नाही, म्हणून चपलेला बहुतेक म्हशीचं कातडं, तेही बरंच चेन्नईकडून येतं. म्हणजे माझ्या बैलाचं कातडं माझ्या मातीत कुजतं, आणि माझ्या पायात कुठल्यातरी अनोळखी म्हशीचं. ती कशी जगली, कशी मेली, तिचं पाणी कुठल्या नदीत गेलं, मला कळायला वाव नाही. मला वाटतं खरी अडचण इथं आहे. वस्तू जवळ आली आणि तिच्यामागचा जीव लांब गेला.

म्हणून कुणी कातडं सोडत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. उपास धरणाऱ्याला आपण मान देतोच की. फक्त उपास सोडायच्या वेळेपर्यंत हिशेब चालू ठेवावा: हे पायताण फाटल्यावर कुठं जाणार, एवढं विचारावं. आणि चहात दूध घालून कातड्याला नाकं मुरडू नयेत. आटलेली म्हैस आणि रेडकू त्या दुधाच्याच खात्यावर असतात. कातडं घालणाऱ्यानंही विचारावं: कशानं कमावलं, कमावणाऱ्याला काय मिळालं, आणि मी हे किती वर्षं वापरणार?

निष्पाप पायताण मला अजून दिसलेलं नाही. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाखालीसुद्धा मुंग्या मरतात. पण कमी घ्यावं, तुटलं तर शिवून घ्यावं, एवढं जमतं. आणि शिवायला देताना ते पायानं सरकवू नये. खाली बसावं आणि हातानं हातात द्यावं.