नाव दिले, पुढे काय?

घराची झाडलोट करताना कोपऱ्यातला कोळी आपण सहज झाडूने खाली पाडतो. तो कोणता, हे कुणी विचारत नाही. केमच्या कुंकवाला गावोगावी नाव आहे. त्या कोपऱ्यातल्या जिवाला मात्र आपल्या लेखी नावच नाही.

ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या अशाच एका कोळ्याला २०२१ साली शास्त्रज्ञांनी नाव दिले: ‘आयसियस तुकारामी’. भक्ष्यावर उडी मारणाऱ्या कोळ्यांपैकी हा एक. २००८ च्या मुंबई हल्ल्यात गिरगाव चौपाटीपाशी अतिरेक्याची बंदूक हाताने धरून ठेवणारे पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. गोळ्या लागल्या, तरी त्यांनी पकड सोडली नाही. म्हणूनच कसाब जिवंत हाती लागला. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावच्या या सुपुत्राला २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

पण आम्हाला एक प्रश्न पडतो. नवी जात जाहीर करताना सहसा तिचा एक जीव नमुना म्हणून कायमचा जपून ठेवावा लागतो. पुढे कुणाला शंका आली, तर ताडून पाहायला तोच आधार. म्हणजे नाव मिळते जातीला, जीव जातो एकाचा. हे योग्य आहे का?

याला बलिदान म्हणून आपण मोकळे होऊ नये. ओंबळे यांनी आपणहून प्राण दिले. कोळ्याला कुणी विचारले नव्हते. मात्र ज्याची नोंदच नाही, ते नाहीसे झाले तरी कळणार कसे? आपल्याला कधी ठाऊकच होणार नाहीत अशा कितीतरी जाती दरवर्षी नष्ट होतात, ही व्यथा पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात मांडली आहे. तेव्हा एका जिवाची किंमत देऊन मिळालेले ज्ञान बाकीच्यांना जगवण्याच्या कामी आले, तरच ती किंमत रास्त म्हणता येईल. नुसते कपाटात पडून राहिले, तर ते आपल्यावरचे ऋणच.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम प्राण्यांना नावे देतो. त्याच अध्यायात बागेची मशागत आणि राखण करण्याचे कामही त्याच्यावर सोपवलेले आहे. आपण घरात बाळाचे नाव ठेवतो, ते पाटीवर लिहून विसरण्यासाठी नव्हे. नाव ठेवले की सांभाळणे आलेच.

पुढच्या वेळी झाडू उचलताना क्षणभर थांबू या. त्या कोळ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसेल. ज्याने त्याला घडवले, तो मात्र त्याला ओळखतो.