टेकू, उपकरण आणि परिग्रह

सायकलवर कॅमेरा नेणाऱ्याला टेकू लागतो का, आणि लागलाच तर केवढा, हा प्रश्न वरवर पाहता दुकानात सुटणारा आहे. पण गरजेपोटी जवळ केलेली वस्तू साधन कुठवर राहते आणि परिग्रह कुठून होते, हा भारतीय विचारातला जुना वाद त्यात दडलेला आहे. नंदुरबार जिल्ह्यात तो शहादा-तोरणमाळच्या चढावर तपासून पाहण्याची सोय आहे.

गरज खोटी नाही. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो हलू नये म्हणून ५० मिलिमीटरच्या लेन्सला शटर निदान सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके वेगवान असावे, असा छायाचित्रकारांचा ठोकताळा आहे. तोरणमाळच्या यशवंत तलावावर झुंजूमुंजू होताना तेवढा उजेड नसतो. आजच्या कॅमेऱ्यांतले स्थिरीकरण पुष्कळ भागवून नेते; तरी काही सेकंद उघड्या राहणाऱ्या शटरला आणि स्वतःच चौकटीत येऊ पाहणाऱ्या एकट्या सायकलस्वाराला आधार हवाच. पुऱ्या उंचीचा ट्रायपॉड दीड-दोन किलोचा असतो, टेबलावर बसणारा छोटा दोन-तीनशे ग्रॅमचा. वाकत्या पायांचा प्रकार कठड्याला किंवा फांदीला वेटोळे घालतो. हँडलला आवळायचा क्लॅम्प सोयीचा वाटतो, पण स्टँडवरची सायकल वाऱ्याने डुगडुगते आणि तिच्याबरोबर कॅमेराही. सगळ्यांत हलका उपाय दोरीचा: कॅमेऱ्याच्या बुडाला बसणारा पाव इंची स्क्रू, त्याला बांधलेली दोरी, तिचे दुसरे टोक बुटाखाली. कॅमेरा वर ताणून धरला की हाताची थरथर बरीच शमते. लांब एक्स्पोजरला मात्र ही युक्ती पुरत नाही.

आता चढाचा हिशेब. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे. शहाद्याच्या सपाटीवरून निघालेल्याला जवळजवळ हजार मीटर चढावे लागते. दोन किलोचे वजन एवढे वर न्यायला सुमारे वीस हजार ज्यूल लागतात. पायांतली बरीचशी शक्ती उष्णतेत जाते हे धरले, तरी हा खर्च चतकोर भाकरीतही भागतो. स्वार आणि सायकल मिळून नव्वद किलो धरले, तर त्यात दोन किलो म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. पण ट्रायपॉडचे ओझे काट्यावर दिसते तेवढ्यात संपत नाही. पाठीवर तो वळणागणिक हेलकावतो, कॅरिअरला बांधला तर खडबडीत रस्त्यावर खडखडतो, सैल झाला का म्हणून मागे वळून पाहायला लावतो. तो जागा घेतो ती चित्तात.

याच जागेवरून जैन परंपरेत बारकाईची चर्चा झाली आहे. उमास्वातींचे ‘तत्त्वार्थसूत्र’ श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांना मान्य, आणि त्यात परिग्रहाची व्याख्या वस्तूवर नसून मूर्च्छेवर, म्हणजे आसक्तीवर बेतलेली आहे. श्वेतांबर साधू वस्त्र, पात्र, रजोहरण बाळगतात. संयमाला साहाय्य करते ते उपकरण, असे त्यांचे म्हणणे. दिगंबर मुनींना हे पटत नाही. बाहेरची वस्तू राखायची आणि आतून मात्र आसक्ती नाही म्हणायचे, याची ग्वाही कोण देणार? म्हणून तिथे पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र एवढ्यावरच रेघ ओढली आहे, आणि त्या तिन्हींचेही काम नेमून दिलेले आहे: जीवरक्षण, शुद्धी, ज्ञान.

तोरणमाळला मच्छिंद्रनाथांची गुहा आणि गोरक्षनाथांचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. नाथांची एक कथा या वादात थेट साक्ष देते. १८१९ सालच्या ‘नवनाथ भक्तिसारा’मुळे ती घरोघर पोचली. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्रनाथांच्या झोळीत सोन्याची वीट होती आणि वाटेत चोराचिलटांचे भय आहे का, ही त्यांची विचारणा थांबत नव्हती. गोरक्षाने वीट फेकून तेवढ्याच वजनाचा दगड झोळीत ठेवला. खांद्यावरचा भार गुंजभरही घटला नाही, भयाचे कारण तेवढे गेले. कथाकाराला वजनाशी कर्तव्य नव्हते, हे या दगडावरून उघड होते.

कार्बन फायबरचा ट्रायपॉड याच कसोटीवर घासून पाहावा लागतो. ॲल्युमिनियमपेक्षा तो काहीशे ग्रॅमने हलका आणि किमतीने कितीतरी भारी. त्याला ओरखडा पडेल, तो चोरीला जाईल ही धास्ती सोबत आली, तर वाचलेले ग्रॅम दुसऱ्या मार्गाने अंगावर चढतात. हलकेपणाचा सोस हीदेखील मूर्च्छाच. तरीही दिगंबरांचा आक्षेप मोडीत निघत नाही. घरी सामान भरताना प्रत्येकाला आपली प्रत्येक वस्तू उपकरणच वाटते. म्हणून निवड व्याख्येवर न सोडता कामावर बांधणे बरे: त्या दिवशी घ्यायचा फोटो आधी ठरावा, टेकू मागून यावा. उजेडातल्या फेरीला दोरी पुरे. तलावावरच्या पहाटेला छोटा ट्रायपॉड आणि कठडा किंवा खडक. उंच ट्रायपॉड मुक्कामाच्या सहलीलाच, तोही आडव्या नळीला घट्ट बांधून.

परिग्रहाची आणखी एक बाजू वजनात मोजताच येत नाही, ती म्हणजे जमीन. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते. ऐन अंधुक उजेडात, म्हणजे टेकू सर्वांत जास्त लागेल तेव्हा, व्रत धरलेले बावा आणि बुध्या घुंगरू बांधून फेर धरतात. तिथे पाय फाकवून उभा केलेला ट्रायपॉड, कितीही हलका असला तरी, ज्यांचा सण आहे त्यांच्या नाचायच्या जागेवर हक्क सांगतो, आणि दाटीत कोणी त्याला अडखळलेच तर दोष अडखळणाऱ्याचा नसतो. काठीला आयएसओ वाढवून फोटोत दाणे येऊ द्यावेत किंवा दोरीवर भागवावे; तिला बुटाखालच्या जागेपलीकडे काही लागत नाही.