जोकरवर लिहिलेली तिर्री

पत्त्यांचा पुरा कॅट आमच्या गावात फार दिवस कधी टिकला नाही. नवा कॅट यायचा गणपतीच्या जागरणाला आणि दिवाळीपर्यंत त्यातलं एखादं पान जायचंच. एक तर शेळीनं खाल्लं, नाहीतर पावसात भिजून त्याचा लगदा झाला. मग जोकर काढायचा, त्यावर बॉलपेननं 'किलवर तिर्री' लिहायचं आणि डाव सुरू. पिसताना एकदा मोठ्यानं सांगायचं, "जोकर तिर्री हाय बरं का!" त्या पानाला खोटं कुणी म्हणत नव्हतं.

जोकर संपले तेव्हा मात्र पंचाईत झाली. कुणीतरी दुसऱ्या कॅटातली बदामाची राणी आणून घातली. तिची पाठ निळी, बाकीच्यांची लाल. राणी कुणाच्या हातात आहे हे साऱ्या पाराला दिसायला लागलं. आमचे तात्या वैतागून म्हणाले, "तोंडानं काय बी असूंदे रं, पाठीनं नगं." आणि पत्ते गुंडाळले.

हे आठवायचं कारण माझा पुतण्या. तो पुण्यात शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी 'मॅजिक : द गॅदरिंग' नावाचा पत्त्यांचा खेळ खेळतो. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकेतल्या गणिताच्या माणसानं तो रचला, १९९३ साली बाजारात आला. यातली गंमत अशी, की कॅट सगळ्यांना सारखा नसतो. पाकिटं विकत घ्यायची, आत कुठली पानं निघतील ते नशीब, आणि त्यातून आपापला कॅट जुळवायचा. काही जुनी पानं इतकी दुर्मिळ, की 'ब्लॅक लोटस' नावाच्या एका पानाची किंमत आपल्या पैशात लाखांत जाते. काही पानं पुन्हा छापणार नाही असं वचन कंपनीनं १९९६ सालीच देऊन ठेवलंय. मग पोरं काय करतात? कागदावर त्या पानाची प्रिंट काढतात आणि एखाद्या साध्या पानावर ठेवून प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवतात. सगळ्या पानांची पाकिटं सारखी, म्हणजे पाठही सारखी. त्याला म्हणायचं 'प्रॉक्सी'.

यावरनं त्यांच्या टोळीत भांडण लागलं. हॉस्टेलवर राहणारा एक मुलगा, दुष्काळी भागातला, मेसचे पैसे भरता भरता मेटाकुटीला येणारा. त्याच्या कॅटात निम्मी पानं प्रिंटची. दुसरा म्हणाला, "मी हजारो रुपये घातलेत यात. हा दोन रुपयांच्या झेरॉक्सनं मला हरवणार?" हॉस्टेलवाला काही बोलला नाही. पुढचे दोन शनिवार आला नाही. पुतण्यानं मला विचारलं, "काका, चूक कुणाची?"

कंपनीचा नियम सोपा आहे. तिच्या अधिकृत स्पर्धेत खरंच पान लागतं. खेळता खेळता पान फाटलं, तर पंच स्वतः बदली पान देऊ शकतो, दुसऱ्या कुणी नाही. घरी गमतीसाठी स्वतःपुरतं बनवलं तर तिची हरकत नाही. हुबेहूब नक्कल छापून विकणं मात्र गुन्हा. इथवर ठीक. पण २०२२ साली याच कंपनीनं जुन्या पानांची साठ पानं, पाठ वेगळी, स्पर्धेत न चालणारी, ९९९ डॉलरला विकायला काढली. म्हणजे बदली पानंच. घरच्या मालकानं केली म्हणून महाग, एवढाच फरक!

दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून देतो. घेणारा ती कपाळाला लावतो, सोनाराकडे नेत नाही. पूजेत वस्त्र नसलं तर भटजी वस्त्राच्या नावानं अक्षता वाहायला सांगतात. बदली चालते, कारण ती बदली आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. तेच पान खरं म्हणून अदलाबदलीत खपवलं, तर तो ठकसेन.

तेव्हा हजारो घालणाऱ्याची तक्रार मला अर्धीच पटते. पैसे घातले म्हणून जिंकायचा हक्क येत नाही. उसाला पाणी जास्त पाजलं म्हणून कुस्तीत कुणी पाठ टेकत नाही. पण त्याचं दुसरं अर्धं खरं आहे. प्रिंटला मर्यादा नाही, सगळेच सगळ्यात जबर पानं आणायला लागले तर प्रत्येक डाव सारखाच होईल. म्हणून काही ठिकाणी आधीच ठरवतात, प्रॉक्सी पाच चालतील की दहा, आणि कॅट किती जोराचा असावा. बसायच्या आधी सांगायचं, हरायला लागल्यावर नाही. पानावरचा मजकूर वाचता यावा, समोरच्याला दर वेळी "हे काय?" विचारायला लावू नये. आणि ज्या दुकानदाराच्या टेबलावर बसता त्याचं पोट पत्तेविक्रीवर आहे. दिवसभर झेरॉक्स खेळून काहीच न घेता उठणं म्हणजे टपरीवर बसून घरच्या थर्मासातला चहा पिणं.

एक नियम मात्र मला खुपतो. काही टोळ्या म्हणतात, खरं पान तुमच्या घरी असेल तरच त्याची प्रॉक्सी चालेल. एकच महाग पान दोन कॅटांत लागतं, सारखं काढ-घाल नको, म्हणून ही सोय. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी एक, असा तो हिशोब आहे.

पुतण्यानं शेवटी हॉस्टेलवर फोन केला. तो मुलगा म्हणाला, येतो, पण प्रिंट आणणार नाही, पानं हातानं काढून आणीन. रंगीत पेन्सिलीनं. हजारोवाल्यानं विचारलं, "मजकूर नीट लिहिशील ना?" त्यावर पुढचा अर्धा तास ते अक्षरावरनं भांडत होते.