खोडलेला आकडा

एकही वाक्य खोटे न बोलता माणसाला फसवता येते काय, आणि येत असेल तर त्या फसवणुकीचे पाप कोणाच्या माथी मारावे, हा प्रश्न फार जुना आहे. माझ्यापुढे तो नव्याने उभा केला एका मनगटी घड्याळाने.

गेल्या दिवाळीत रजा काढून मी दिल्लीहून कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. पाडव्याच्या सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कपाटातून एक चकचकीत डबी काढून माझ्या हाती ठेवली. आत सोनेरी रंगाचे, हाताला चांगले जड लागणारे घड्याळ होते. डबीवर किंमत छापलेली होती ६,९९९ रुपये. "चौदाशे नव्व्याण्णवला पडले," अण्णा म्हणाले. दूरचित्रवाणीवर अष्टौप्रहर खरेदीचाच कार्यक्रम चालणारी एक वाहिनी आहे. तिच्यावर पाहून त्यांनी ते मागवले होते. प्राथमिक शिक्षकाच्या पगारात सारा संसार केलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर, आपल्या ऐपतीबाहेरची वस्तू एकदा तरी मुलाला देता आली, याचे समाधान होते.

अगदी तसेच घड्याळ मी लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात पाहिले होते. तीच तबकडी, तोच पट्टा. भाव तीनशे रुपये. घासाघीस केली तर अडीचशे.

"तुमच्या दिल्लीत केवढ्याला असेल रे?" अण्णांनी विचारले.

मी म्हणालो, "दिल्लीत याहून कितीतरी महाग घड्याळे मिळतात, अण्णा."

वाक्य अक्षरशः खरे होते. त्याच्याकडे मला पुढे यायचेच आहे. पण आधी त्या वाहिनीचा विचार करू.

त्याच सुट्टीत एका संध्याकाळी मी तो कार्यक्रम मुद्दाम बसून पाहिला. निवेदकाचा आवाज सतत टिपेला गेलेला. पडद्यावर सहा हजार नऊशे नव्व्याण्णवचा आकडा, त्यावर मारलेली तांबडी रेघ आणि खाली धाकटा आकडा. कोपऱ्यात उलटे धावणारे सेकंद. बाजूला 'उरलेले नग' म्हणून एक संख्या, ती पाहता पाहता घटत जाणारी. पहिल्या काही गिऱ्हाइकांना पाकीट व गॉगल फुकट. सेकंद संपले, मी श्वास रोखून पाहत राहिलो, आणि थोड्याच वेळात तेच सेकंद पुन्हा पहिल्यापासून धावू लागले!

ही कला आपल्याकडची नव्हे. १९७७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका जाहिरातदाराने रेडिओ केंद्राचे देणे पैशांऐवजी डबे उघडण्याच्या विजेच्या यंत्रांनी फेडले, आणि केंद्राने ती यंत्रे श्रोत्यांना थेट विकून टाकली. तेथून या व्यापाराचा उगम झाला. १९८५ पर्यंत तो देशभरच्या दूरचित्रवाणीवर जाऊन पोहोचला. पुढे तो आपल्याकडे आला, तसा इतरत्रही गेला.

आता गंमत अशी की निवेदकाची विधाने एकेक वेगळी काढून तपासली, तर त्यांतील बहुतेक खरी ठरतात. 'जपानी यंत्र' हे खरे असते. मात्र असे यंत्र घाऊक बाजारात अगदी स्वस्तात मिळते, हे तो सांगत नाही. 'मागील बाजू पोलादाची' हेही खरे. पोलाद फक्त मागच्या झाकणाचे, बाकीचा सांगाडा हलक्या मिश्रधातूचा. 'तीस मीटरपर्यंत जलरोधक' हेही प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबापुरते खरे. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की हात धुताना उडालेले शिंतोडे ते सोसते, ते बांधून विहिरीत सूर मारू नये. राहिली ती छापील किंमत, आणि तीही कायदेशीरच! २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. तिचा हेतू गिऱ्हाइकाच्या रक्षणाचा: हिच्याहून जास्त कोणी घेऊ नये. ती वरची मर्यादा आहे. वस्तूच्या मोलाची साक्ष नव्हे. पण घड्याळासारख्या वस्तूवर ती मर्यादा ठरवतो स्वतः उत्पादक किंवा आयात करणारा. तो ती आकाशाला भिडवू शकतो, आणि मग तिच्यावर रेघ मारून दयाळूपणा मिरवू शकतो. ढाल म्हणून दिलेली वस्तू अशी तलवार होते.

या खेळासाठी घड्याळासारखी सोयीची वस्तू दुसरी नाही, आणि त्याचे कारण मोठे बोधप्रद आहे. १९६९ च्या डिसेंबरात टोकियोत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे एका लहान मोटारीइतकी होती. आज स्फटिकाचा तोच गुण कोणालाही परवडतो. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा तो कण अडीचशे रुपयांच्या घड्याळातही असतो आणि अडीच लाखांच्याही अनेक घड्याळांत असतो. वेळ दोन्ही सारखीच दाखवतात. अण्णांच्या मनगटावर वर्षानुवर्षे एच.एम.टी.चे घड्याळ होते. बंगळूरच्या सरकारी कारखान्यात १९६१ पासून निघू लागलेल्या त्या घड्याळांना रोज सकाळी किल्ली द्यावी लागे. पण तेव्हा घड्याळाची किंमत म्हणजे बव्हंशी बिनचूक वेळेची किंमत होती. तो कारखाना आता इतिहासजमा झाला आहे. वेळ स्वस्त झाली, आणि घड्याळाच्या किमतीत उरला तो केवळ शब्द. शब्द कितीही फुगवता येतो.

कोणी म्हणेल, यात नवे ते काय? मंडईतला भाजीवालासुद्धा चाळीसचे साठ सांगतोच की! पण ही तुलना टिकत नाही. मंडईतले साठ ही घासाघिशीची सुरुवात आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. तो दोघांनी मान्य केलेला खेळ आहे. वाहिनीवरचा खोडलेला आकडा मात्र मागणी म्हणून येत नाही, साक्ष म्हणून येतो. 'जगात ही वस्तू एवढ्याला विकली जाते,' असे तो न बोलता सांगतो. आणि त्या किमतीला ती कोणीही, कधीही विकत घेतलेली नसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत हेच ओळखले होते: पूर्वीची किंमत खरीखुरी नसेल, तर सवलतही खरी नव्हे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही, वस्तू सामान्यतः ज्या किमतीला विकली जाते तिच्याविषयी लोकांची दिशाभूल करणे, हा अनुचित व्यापार मानला आहे. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर संगणकीय बाजारपेठांतल्या खोट्या घाईचाही नाव घेऊन निषेध आहे. कौटिल्याने देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफ्याची मर्यादा घातली होती. किंमत ही खर्चाशी बांधलेली असावी, सुटी सोडलेली नसावी, हे सूत्र तितके जुने आहे.

परंतु कायदा व्यापाऱ्याचे पाहील. माझा प्रश्न नीतीचा आहे. सिसेरोने कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात एक पेच मांडला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन एक प्रामाणिक व्यापारी तेथे पोहोचतो. मागून आणखी धान्याची गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. त्याने ते लोकांना सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? डायोजेनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जे कळणे त्याच्या हिताचे आहे ते विकणाऱ्याने सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे: दुसऱ्याच्या हिताचे आपल्याला ठाऊक असलेले आपल्या लाभासाठी दडवणे, हेच लपवणे.

यावर एक हमखास उत्तर मिळते. 'गिऱ्हाईकच लोभी; फुकटाच्या मोहाने फसते, तर त्याला कोण काय करणार?' लोभी माणसे फसतात हे खरे. पण फसलेला प्रत्येकजण लोभी असतो, हे खरे नव्हे. अण्णांना स्वतःसाठी काहीच नको होते. खिशात दीड हजार असलेल्या बापाला मुलाला सात हजारांची वस्तू द्यावीशी वाटली. वाहिनीने त्यांना घड्याळ विकले नाही. ऐपतीहून अधिक देता येण्याचा आनंद विकला. खोडलेला आकडा ज्याचा फायदा घेतो तो दर वेळी माणसाचा हीन भागच असतो असे नाही; पुष्कळदा तो त्याचा सर्वांत चांगला भाग असतो. म्हणूनच मला ही फसवणूक साध्या खिसेकापूपणाहून वाईट वाटते.

आणि आता माझे ते वाक्य. 'दिल्लीत याहून कितीतरी महाग घड्याळे मिळतात.' अश्वत्थाम्याच्या मरणाची वार्ता अर्धी मोठ्याने आणि अर्धी हळू सांगणाऱ्या युधिष्ठिरासारखा मी शब्द सांभाळला आणि अर्थ बुडवला. खऱ्या विधानाने खोटी समजूत पक्की करणे, हेच तर तो निवेदक करत होता! माझा हेतू चांगला होता, मला त्यात काही मिळवायचे नव्हते, असे मी स्वतःला बजावले. पण पाडव्याच्या सकाळचा अवघड क्षण टळला, ही काय कमी मिळकत होती? आणि तिची किंमत मी दिली नाही. दोन महिन्यांनी अण्णांचा फोन आला, की तसलेच एक घड्याळ त्यांनी जावयांसाठीही मागवले आहे. ते दुसरे घड्याळ वाहिनीने विकले नव्हते. ते माझ्या मौनाने विकले.

त्या दिवशी मी सारे सांगून टाकले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. पैशांचे दुःख होत असेल, असे वाटून मी काहीतरी समजुतीचे बोलू लागलो, तोच ते म्हणाले, "पैशांचे राहू दे. तुला पाडव्यालाच माहीत होते ना? मग तेव्हाच का बोलला नाहीस?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. वाहिनीने अण्णांचे हजार-बाराशे रुपये नेले. मी त्यांचा जाणून घेऊन ठरवण्याचा अधिकार नेला होता, आणि तोही त्यांना जपण्याच्या नावाखाली. घराबाहेरचा परका माणूस आपल्याला अंधारात ठेवतो, तेव्हा आपण कायद्याकडे धाव घेऊ शकतो. घरातल्या माणसाविरुद्ध ती सोय नाही; तेथे सत्य मोठ्याने आणि पूर्ण सांगणे, एवढे एकच संरक्षण एकमेकांना देता येते.

घड्याळ मी रोज बांधतो. ते अगदी बरोबर वेळ दाखवते.